नागपूरचा मे महिना आणि एमएस: मायलिन उडालेल्या नसा उन्हाळ्यात सांभाळायच्या कशा

दोन वर्षांआधीची गोष्ट, नवतपा लागायला दोन-तीन दिवस बाकी होते आणि आमच्याकडे कुरड्यांचा घाट घातला होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक, मोठं गंज, आणि तो चीक ढवळायला मी, कारण सासूबाईंचे खांदे धरलेले. चीक ढवळणं म्हणजे काय ते ज्यांनी केलं त्यांनाच माहीत, हात थांबला की गुठळी आणि गंजातून वाफ सरळ तोंडावर. सकाळचे साडेदहा झाले असतील, गच्ची तापायला लागली होती, सोऱ्या घेऊन वर गेले, चार-पाच कुरड्या टाकल्या आणि उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं. म्हणजे अक्षरशः कोणी काचेवर फुंकर मारल्यासारखं. मग डावा पाय जड. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "काऊन वं, काय झालं?" आणि मी तिथंच प्लास्टिकच्या कागदाच्या कडेला बसून राहिले.

मला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू-मणक्यातल्या नसांवरचं मायलिन नावाचं वेष्टण खराब होतं तो आजार. माहीत होतं तेव्हा, निदान होऊन वर्ष झालं होतं. त्यामुळं घरात सगळ्यांना वाटलं की झालं, एमएसचा नवीन अटॅक आला, म्हणजे नसांवर नवा हल्ला. धावत दवाखान्यात नेलं, तिथं भरती करून लगेच स्टेरॉइडची सलाईन सुरू, तीन दिवस. कोणी ताप पाहिला नाही, कोणी लघवी तपासली नाही. आणि गंमत म्हणजे डोळा तर एसी वॉर्डात गेल्यावर तासाभरातच साफ झाला होता, पण मी सांगून राहिले तर कोणी ऐकून घेईना. तीन रात्री झोप नाही, शुगर चढली, तोंड सुजलं. नंतर माझ्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं तर त्यांनी एकच विचारलं, "थंड झाल्यावर किती वेळात बरं वाटलं?" मी म्हटलं तासाभरात. "मग तो अटॅक नव्हताच," म्हणे.

हे सगळं लिहायचं कारण तेच. आपल्याकडे पारा ४५-४६ ला टेकतो, आणि एमएसवर वाचायला जे मिळतं ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं, त्यांचा "गरम दिवस" म्हणजे आपला डिसेंबर. तर नागपूरच्या उन्हाळ्यात हा आजार घेऊन कसं राहायचं, आणि खरा अटॅक कोणता आणि उन्हानं केलेली चेष्टा कोणती हे कसं ओळखायचं, ते मला कळलं तसं सांगते. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी मायलिन समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल

सगळे सांगतात की मायलिन म्हणजे वायरवरचं प्लास्टिक. अर्धं खरं आहे. वायरचं प्लास्टिक काढलं तरी करंट तितक्याच स्पीडनं जातो, फक्त आपल्याला झटका बसतो. नसेचं तसं नाही. नसेवर मायलिनचे थर गुंडाळलेले असतात, पोळीला तेल लावून घडीवर घडी घालतो ना तसे कित्येक थर, आणि कोरडं करून वजन केलं तर त्यातला ७० ते ८० टक्के भाग नुसता स्निग्ध पदार्थ, बाकी प्रोटीन. पण हे वेष्टण सलग नसतं, मध्ये मध्ये बारीक उघड्या जागा सोडलेल्या असतात. रॅनव्हिए नावाच्या फ्रेंच माणसानं १९व्या शतकात त्या दाखवल्या म्हणून त्यांना नोड ऑफ रॅनव्हिए म्हणतात. सिग्नल या नोडवरून त्या नोडवर उडी मारत जातो. पॅसेंजर गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबते आणि सुपरफास्ट मधली सगळी स्टेशनं सोडून पळते, तसं. मायलिनवाल्या जाड नसेत सिग्नल सेकंदाला १०० ते १२० मीटर पळतो, म्हणजे तासाला ३६० ते ४३० किलोमीटर. आणि ज्या बारीक नसांना मायलिन नसतंच त्यांच्यात सेकंदाला एखाद मीटर, म्हणजे फुटाळा तलावावर संध्याकाळी फेरी मारणाऱ्या काकांच्या चालीनं.

मेंदू आणि मणक्यातलं मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी बनवतात, एक एक पेशी ४०-५० ठिकाणी हात पसरून गुंडाळत बसते, त्यामुळं एक मेली की एकदम बऱ्याच नसांचं नुकसान. हातापायातल्या नसांचं काम श्वान नावाच्या पेशींकडे, तिथं एका पेशीकडे एकच तुकडा. एमएस मध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मणका आणि डोळ्याच्या नसेवरच्या मायलिनवर चालून जाते. काहून जाते ते पूर्ण कोणालाच सांगता येत नाही, पण २०२२ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून मोठा अभ्यास आला, त्यात एपस्टाइन-बार व्हायरसचं इन्फेक्शन झालेल्यांमध्ये एमएसचा धोका ३२ पट दिसला. पण हा व्हायरस आयुष्यात कधी ना कधी जवळजवळ सगळ्यांनाच होतो आणि एमएस होतो फार थोड्यांना, त्यामुळं नुसत्या व्हायरसवर खापर फोडून चालत नाही. सिगरेट, ड जीवनसत्त्वाची कमतरता, शाळकरी वयातला लठ्ठपणा हेही त्या यादीत आहेत. पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त, आणि साधारण २० ते ४० च्या वयात. म्हणजे नेमकं नोकरी, लग्न, लेकरं यांच्या मधोमध.

शरीर मायलिन परत बनवतंही बरं का, अगदीच हातावर हात धरून बसत नाही. पण नवीन थर आधीपेक्षा पातळ असतो आणि काही ठिकाणी नस उघडीच राहते.

मग ऊन मध्ये कुठून आलं

चांगल्या नसेत पुढच्या नोडला पेटवायला जितका करंट लागतो त्याच्या पाच-सात पट तयार होतो, भरपूर शिल्लक. मायलिन उडालेल्या जागी करंट गळतो आणि ही शिल्लक जेमतेम पुरेल इतकीच उरते. आता अंग तापलं की नसेवरची सोडियमची दारं जास्त लवकर बंद होतात, सिग्नल छोटा पडतो, आणि जिथं आधीच काठावर चाललं होतं तिथं तो पुढच्या नोडपर्यंत पोचतच नाही. नस तुटली नाही, सूज आली नाही, एमआरआयमध्ये दिसेल असा नवीन डाग नाही. फक्त गाडी मधल्या स्टेशनात उभी राहिली. अंग थंड झालं की परत सुरू.

याला उहथॉफ फिनॉमेनन म्हणतात. विल्हेल्म उहथॉफ नावाच्या जर्मन डोळ्याच्या डॉक्टरांनी १८९० मध्ये लिहून ठेवलं की काही पेशंटना मेहनत केल्यावर तात्पुरतं कमी दिसतं. एमआरआय यायच्या आधी तर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून एमएस आहे का बघायचे, बाप्पा! अंगाचं तापमान अर्धा डिग्री चढलं तरी काहींना पुरतं. आणि एमएसच्या १० पैकी ६ ते ८ जणांना गरमीचा त्रास होतोच, त्यामुळं तुमचं काही वेगळं चाललंय असं समजू नका.

खरा अटॅक की ऊन, हे घरी कसं ओळखायचं

पहिलं काम, थांबा. हातातलं काम सोडा, गॅस बंद करा, गाडीवर असाल तर बाजूला लावा. दुसरं, अंग थंड करा, ते कसं ते खाली येतंच. आणि घड्याळ बघा, हे महत्त्वाचं आहे कारण नंतर डॉक्टर वेळच विचारतात आणि आपल्याला "थोडा वेळ" याच्या पलीकडे आठवत नाही. उन्हानं झालेलं असेल तर मिनिटांत किंवा काही तासांत उतरतं, आणि बहुतेक वेळा तेच जुनं लक्षण असतं, जो डोळा आधी गेला होता तोच, जो पाय आधी जड झाला होता तोच. खऱ्या अटॅकमध्ये नवीन काहीतरी होतं, किंवा जुनं चांगलंच वाढतं, आणि ते थंडगार खोलीत बसूनही २४ तासांच्या वर टिकून राहतं.

थर्मामीटर लावा. ताप असेल तर आतूनच गरमी चालू आहे, आणि मग कारण शोधावं लागतं. बायकांमध्ये आणि एमएसच्या सगळ्याच लोकांत लघवीचं इन्फेक्शन हे फार मोठं गुपचूप कारण आहे. जळजळ होईलच असं नाही, कारण तिथल्या नसाही सुन्न असू शकतात, फक्त अचानक पाय ओढायला लागतात आणि घरचे म्हणतात आजार वाढला. म्हणून स्टेरॉइडची गोष्ट निघाली की आधी विचारा, "लघवीची तपासणी करायची का?" इन्फेक्शन असताना वरून स्टेरॉइड म्हणजे चोराला चावी.

डोळ्याची एक घरगुती तपासणी मला फार उपयोगी पडते. कुंकवाचा करंडा घ्या, एक डोळा झाका, मग दुसरा. खराब डोळ्यानं लाल रंग विटल्यासारखा, धुतलेल्या साडीसारखा दिसतो. निरोगी दिवसात एकदा बघून ठेवा, म्हणजे तुमचा नेहमीचा फरक किती ते माहीत राहतं. नवीन फिकेपणा आला, डोळा फिरवताना मागून दुखतंय आणि दुसऱ्या दिवशीही तसंच आहे, तर घरी बसू नका.

आणि या गोष्टींसाठी २४ तास वाट बघायची नाही: दोन्ही पाय एकदम जाणं, लघवी तुंबणं, गिळताना अडकणं, श्वासाला त्रास, चेहरा किंवा एक बाजू अचानक लुळी पडणं. एमएस आहे म्हणून लकवा होत नाही असं काही नाही. तसंच उष्माघात. माणूस बरळायला लागला, अंग चटके बसेल इतकं तापलं, तर "तिला गरमीत होतंच असं" म्हणत बसू नका, १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी टाकत राहा.

घर

इथं नागपूरवाल्यांना एक फायदा आहे. आपली गरमी कोरडी. कूलर ज्या तत्त्वावर चालतो ते म्हणजे पाणी उडून जाताना थंडावा देतं, आणि मे मध्ये आपल्या हवेत ओल नसतेच म्हणून पाणी झरझर उडतं. वाळ्याच्या ताट्या लावलेला चांगला कूलर, समोरासमोर खिडकी उघडी, एवढ्यात खोली बरीच उतरते. खिडकी बंद ठेवून कूलर लावणारे लोक मला अजूनही भेटतात, त्यांना काय बोलावं. एसी असेल तर २६ पुरतो, १८ वर लावून बाहेर ये-जा करणं वाईट, कारण एकदम गारठ्यानं पाय आखडतात. ज्यांना स्पॅस्टिसिटी आहे, म्हणजे पाय लाकडासारखे ताठ होतात, त्यांना फार थंडीही चालत नाही हे कोणी सांगतच नाही.

आंघोळ. बाहेर जायच्या आधी किंवा व्यायामाच्या आधी १५-२० मिनिटं कोमट-गार पाण्यानं सावकाश आंघोळ केली की अंगातला गरमीचा साठा खाली येतो आणि पुढचा तासभर बरा जातो. पण आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी अकरानंतर चहा टाकता येईल इतकं गरम असतं! मी एकदा दुपारी सरळ नळाखाली बसले आणि उठताना पायच उचलेनात. तेव्हापासून रात्री दोन बादल्या भरून बाथरूममध्ये ठेवते, दिवसा तेच पाणी. बाथरूममध्ये प्लास्टिकचा स्टूल आणि भिंतीला पकडायला दांडा, हे दोन खर्च टाळू नका.

अजून एक, गच्चीवर अनवाणी जाऊ नका. तळपाय सुन्न असले की चटका कळत नाही. त्या कुरड्यांच्या दिवशी मला तळपायाला चांगला रुपयाएवढा फोड आला होता, आणि तो मला दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं दाखवला तेव्हा कळलं. बर्फाचंही तेच, जेल पॅक किंवा बर्फ नेहमी नॅपकिनमध्ये गुंडाळून, सुन्न जागेवर तर थेट लावायचाच नाही.

स्वयंपाक सकाळी सातच्या आत. पोळ्या एका दमात नाही, आठ झाल्या की पंख्याखाली. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभं राहायची जी आपल्याला सवय असते ती सोडा, शिट्टी बाहेरच्या खोलीतही ऐकू येते. यावर्षी कुरड्या विकत आणल्या, आईंनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग स्वतःच म्हणाल्या बऱ्या आहेत.

बाहेर जाताना

सुती दुपट्टा ओला करून पिळून मानेभोवती आणि डोक्यावर, त्यावर आपला नेहमीचा कोरडा दुपट्टा. पुण्या-मुंबईचे लोक आपल्या दुपट्टा बांधलेल्या पोरींना हसतात, हसू द्या, ओल्या कपड्याचा कोरड्या हवेत कूलर होतो. पर्समध्ये छोटी स्प्रे बाटली. बाजारात कूलिंग जॅकेटं मिळतात पण महाग आणि जड आहेत, मला दुपट्ट्यानं भागतं, तुम्हाला फिल्डवर काम असेल तर विचार करा.

स्कूटीवर हेल्मेट घालून सिग्नलला दोन मिनिटं उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जायचं तर मी मेट्रोनं जाते, आत गार असतं, एक्वा आणि ऑरेंज दोन्ही लाइन तिथंच मिळतात, आणि चढ-उतारासाठी लिफ्ट आहे. तुम्हाला बाहेरून बघून कोणी म्हणेल, एवढी धडधाकट बाई लिफ्ट काहून वापरून राहिली. वापरा. धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरची अपॉइंटमेंट सकाळचीच मागा, आणि एमआरआय असेल तर सरळ सांगा की मला गरमीचा त्रास आहे, बाहेरच्या पत्र्याखालच्या बाकावर बसवू नका.

पाणी आणि लघवीची भानगड

एमएसवाल्यांमध्ये ही चूक घराघरात आहे. लघवीची घाई होते, थांबवता येत नाही, म्हणून ऑफिसला निघताना पाणीच प्यायचं नाही. मीही दोन उन्हाळे तेच केलं. परिणाम काय, लघवी घट्ट, इन्फेक्शन, ताप, आणि तापानं पाय बंद. त्यापेक्षा दर दोन तासांनी ठरवून बाथरूमला जा आणि माठाचं पाणी थोडं थोडं पीत राहा. मी व्यायामाच्या वेळी गार पाण्याचे घोट घेते, त्यानं जास्त वेळ दम टिकतो.

नुसतं पाणीही लिटर-लिटर ढोसू नका. घामात मीठ जातं. कैरीचं पन्हं, मीठ-जिरं घातलेलं ताक, बेलाचं शरबत, हे आपलं जुनंच चांगलं आहे, शुगरवाल्यांनी पन्ह्यात गूळ कमी. शरीरात सोडियम फारच उतरलं आणि दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टर ते हळूहळू चढवतात, एका दिवसात एकदम नाही. कारण घाईनं चढवलं तर मेंदूच्या बुडख्यातलं मायलिनच उडू शकतं. हे एमएस नसलेल्यांनाही होतं. म्हणून "लवकर चढवा ना सलाईन" असा डॉक्टरच्या मागे तगादा लावू नये.

लघवीच्या घाईसाठी ज्या गोळ्या देतात, ऑक्सिब्युटिनिन वगैरे, त्यातल्या काहींनी घाम कमी होतो. घाम कमी म्हणजे अंग थंड व्हायचा रस्ताच बंद. मनानं बंद करू नका, पण एप्रिलमध्ये डॉक्टरांना आठवण करून द्या की उन्हाळा आला, डोस किंवा गोळी बदलायची का.

औषधं आणि फ्रिज

एमएससाठीची इंटरफेरॉनची बहुतेक इंजेक्शनं २ ते ८ डिग्रीत ठेवायची असतात. काही इंजेक्शनांच्या डब्यावर लिहिलेलं असतं की काही दिवस रूम टेम्परेचरला चालेल, पण ती रूम आपली नाही! ती २५-३० डिग्रीची रूम. मेडिकलवाल्याकडून आणताना थर्मास किंवा आइस पॅकचा डबा घेऊन जा, डिक्कीत टाकून तर मुळीच आणू नका, आणि बर्फाला चिकटून गोठूही देऊ नका. लाइट जाते त्या दिवशी फ्रिज उघडायचा नाही.

मी डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचं औषध घेते, त्यानं गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात चेहरा लालबुंद होतो, कान गरम. मे मध्ये ते ऊन की गोळी हे मला पहिल्या वर्षी कळतच नव्हतं. जेवणासोबत घेतली की कमी होतं. यावर रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेळोवेळी बघाव्या लागतात, ती तारीख चुकवू नका. आखडण्यासाठी बॅक्लोफेन घेत असाल तर ती एकदम बंद करायची नाही, झटके येऊ शकतात, सुट्टीवर गावाला जाताना आधी तीच पिशवीत टाका. चालण्यासाठी फॅम्प्रिडीन नावाची गोळी आहे, ती उघड्या पडलेल्या नसेवरची पोटॅशियमची दारं बंद करून सिग्नल थोडा लांबवते, म्हणजे ऊन जे करतं त्याच्या बरोबर उलट. सगळ्यांना लागू पडत नाही, आणि फिट येणाऱ्यांना, किडनी खराब असणाऱ्यांना देत नाहीत.

व्यायाम सोडायचा नाही

पहाटे साडेपाचला, सूर्य वर यायच्या आत. चालणं, खुर्चीवर बसून उठणं, योगासनं, जे जमेल ते. सलग अर्धा तास नाही, दहा-दहा मिनिटं, मध्ये पंखा आणि पाणी. चालता चालता पाय ओढला किंवा नजर धुरकटली तर घाबरून आठवडाभर पलंग धरू नका, वर सांगितलेलं घड्याळ बघा. या तात्पुरत्या त्रासानं मायलिनचं नवीन नुकसान होत नाही. पडणं मात्र टाळायचं, हाड मोडलं तर तो त्रास तात्पुरता नसतो.

बदाम, तूप आणि व्हॉट्सॲपवरचे काका

मायलिनमध्ये कोलेस्टेरॉल भरपूर, शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी जवळपास पाचवा हिस्सा मेंदूत. हे वाचून आमच्या एका नातेवाइकांनी मला रोज दोन चमचे तूप नाकात आणि चार चमचे पोटात असा कोर्स दिला. पण मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो, रक्तातलं आत जाऊ देत नाही. तूप पोळीला लावा, चवीसाठी. मेंदूपर्यंत पोचणार नाही, कमरेपर्यंत नक्की पोचेल.

बी१२ ची गोष्ट मात्र खरी आहे. त्याच्या कमतरतेनंही मणक्यातलं मायलिन खराब होतं, पायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, आणि ते एमएससारखंच वाटू शकतं. शाकाहारी लोक, आणि शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, यांनी रक्त तपासून घ्यावं, वेळेत इंजेक्शनं मिळाली तर सुधारतं. ड जीवनसत्त्वही तपासा. एवढं ऊन असून कमी निघतं, कारण ऊन आपण अंगावर पडू कुठं देतो. डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या, जास्त झालं तर किडनीला त्रास.

मुंग्या आल्या म्हणजे एमएसच असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुलियन-बारेचे पेशंट एकदम वाढले होते ते आठवत असेल, त्यात हातापायाच्या नसांवर हल्ला होतो, पायापासून वर चढत काही दिवसांत माणूस लुळा पडतो, ती इमर्जन्सी. आणि एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) म्हणून डोळ्याच्या नसेचा आणि मणक्याचा एक आजार आहे, आधी त्याला एमएसचाच प्रकार समजायचे. २००४ मध्ये त्याची अँटिबॉडी सापडली तेव्हा वेगळा निघाला. हे वेगळं काढणं गरजेचं आहे कारण एमएसच्या काही औषधांनी एनएमओ बिघडतो. म्हणून डॉक्टर एक्यूपी४ आणि मॉग या अँटिबॉडींची रक्ततपासणी लिहून देतात तेव्हा "आधीच एमआरआयचे इतके गेले, आता हे काय" असं म्हणून टाळू नका.

कागदपत्राचं एका वाक्यात सांगते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून मग सरकारी दवाखान्यात तपासणीला जावं लागतं, तर ते मे मध्ये न करता नोव्हेंबर-डिसेंबरात करा.

आणि पाऊस पडल्यावर

सगळ्यांना वाटतं मृग लागला की सुटलो. माझा पहिला वाईट महिना मे नव्हताच, तो जूनचा शेवट होता. पाऊस येऊन गेला, पारा ३४ वर आला, आणि घरात कूलर तसाच चालू. हवेत ओल असली की कूलरचं पाणी उडत नाही, तो फक्त खोलीत दमटपणा भरतो, घामही वाळत नाही, ओला दुपट्टा गळ्यात नुसता लोंबकळतो. पारा खाली आणि पाय जड, आम्हाला काही समजेना. मे मध्ये ज्या गोष्टींनी वाचवलं त्या सगळ्या या दिवसात उलट्या पडतात. म्हणून पहिला मोठा पाऊस झाला की कूलरचा पंप बंद, फक्त पंखा चालवायचा, खिडक्या उघड्या. एसीचे पैसे वाचवायचे असतील तर मे मध्ये वाचवा, जून-जुलैत लावा. घरात एकच एसी असेल तर तो त्याच खोलीत, जिथं एमएसवाला माणूस झोपतो. आमच्याकडे तो हॉलमध्ये होता, पाहुण्यांसाठी. आता बेडरूममध्ये आहे, आणि पाहुणे आले की तेही बेडरूममध्येच येऊन बसतात.